झारिनाचं एकच वेत

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्लंडमध्ये एका म्हाताऱ्या ग्रेहाउंड कुत्रीला आठ पिल्लं झाली. तिचं ते पहिलंच वेत होतं आणि तिला तेरावं वर्ष लागलं होतं. आठही पिल्लं जगली, मोठी झाली, धावली. कुत्रीचं नाव झारिना. त्याआधी ती ४७ सामने धावली होती आणि त्यातला एकही हरली नव्हती.

ग्रेहाउंडच्या इतिहासात हे नाव येतं ते साधारण एका ओळीपुरतं: ‘स्नोबॉलची आजी’. स्नोबॉल हा तिचा नातू. पुढच्या सगळ्या चर्चा नातवाच्याच. मला ही ओळ अनेक वर्षं खटकत होती. आमच्याकडे हरणी नावाची कारवानी, म्हणजे आपल्या दख्खनच्या सडपातळ शिकारी जातीची कुत्री होती, बारा वर्षं आमच्याबरोबर राहिली. तिच्या एकुलत्या एका वेतातली पिल्लं लोक घेऊन गेले, आणि पुढे कुठे भेटले की सांगायचे, ‘हे त्या अमक्याच्या नराचं पिल्लू.’ हरणीचं नाव कुणाच्या तोंडी नसायचं. ती गेल्यावर मी जुन्या इंग्रजी शिकारलेखनात झारिनाबद्दल सापडेल ते वाचत गेलो. तिची गोष्ट जितकी सांगितली जाते त्याहून मोठी आहे, आणि जशी सांगितली जाते तशी पूर्ण खरीही नाही. म्हणून हे प्रकरण नीट मांडून ठेवतो.

मालक

झारिना ज्याच्या घरची, तो जॉर्ज वॉलपोल, ऑर्फर्डचा तिसरा अर्ल, म्हणजे उमराव; पुढे त्याला नुसतं ऑर्फर्ड म्हणतो. जन्म १७३०. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान म्हणून ज्याला ओळखतात त्या रॉबर्ट वॉलपोलचा हा नातू. नॉरफकमधला हॉटन हॉल हा आजोबांनी बांधलेला वाडा त्याच्याकडे आला आणि वाड्याबरोबर कर्जही आलं. १७७९ मध्ये त्याने आजोबांचा जगप्रसिद्ध चित्रसंग्रह, दोनशेहून अधिक चित्रं, रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिला ४० हजार पौंडांच्या वर किमतीला विकला. ती चित्रं सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये गेली. झारिना म्हणजे रशियाची राणी. त्याच्या सगळ्यात लाडक्या कुत्रीचं नाव झारिना असावं हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

माणूस तऱ्हेवाईक होता. चार नर हरणं माणसाळवून त्याने ती घोड्यांसारखी गाडीला जुंपली होती. एकदा तो अशा गाडीतून न्यूमार्केटला निघाला असताना शिकारी कुत्र्यांच्या एका टोळीला हरणांचा वास लागला. कुत्रे मागे, हरणं उधळलेली, गाडीत अर्ल. रॅम नावाच्या खानावळीचं आवार समोर आलं, हरणं तिथे घुसली, नोकरांनी दार लावलं, म्हणून सगळे वाचले. ही हकीकत सांगताना लोक हसतात. मला त्यात दुसरं दिसतं. जनावराच्या अंगात काय दडलंय ते करून पाहिल्याशिवाय या माणसाला चैन पडत नव्हतं, आणि ग्रेहाउंडच्या बाबतीत तो हेच करत होता. त्याला १७७३ मध्ये आणि पुन्हा १७७७ मध्ये वेडाचे झटके आले. त्या काळात घरदार त्याचा काका, लेखक होरेस वॉलपोल सांभाळायचा. बरा झाला की ऑर्फर्ड पुन्हा कुत्र्यांकडे.

१७७६ मध्ये त्याने नॉरफकमधल्या स्वॉफहम गावी पहिला सार्वजनिक कोर्सिंग क्लब काढला. सभासद इंग्रजी मुळाक्षरांइतके, म्हणजे २६. कोर्सिंग म्हणजे दोन ग्रेहाउंड आणि एक ससा. सशाला सुमारे २४० यार्डांची आघाडी द्यायची, मग दोन्ही कुत्रे एकाच क्षणी सोडायचे. कोणी ससा मारला यावर निकाल ठरत नसे. कोण आधी पोचला, कोणी सशाला वळायला लावलं, कोण दुसऱ्याला मागे टाकून पुढे गेला, यांचे गुण घोड्यावर बसलेला पंच मोजायचा. हे नियम पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळात ड्यूक ऑफ नॉरफकने घालून दिले होते, असं सांगतात. आज तो खेळ इंग्लंडमध्ये कायद्याने बंद आहे. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. सशाच्या बाजूने पाहिलं तर त्या खेळात पाहण्यासारखं काही नव्हतं. झारिना मात्र त्याच खेळात घडली, त्यामुळे तो वगळून तिच्याबद्दल बोलता येत नाही.

बुलडॉगचं रक्त

ऑर्फर्डकडे एका वेळी ग्रेहाउंडच्या पन्नास जोड्या, म्हणजे शंभर कुत्रे असत. एकही पिल्लू वेगाची कसोटी घेतल्याशिवाय घराबाहेर द्यायचं नाही, हा त्याचा पक्का नियम. आजही आपल्याकडे दीड महिन्याची पिल्लं पोत्याच्या हिशेबाने विकली जातात, तेव्हा हा नियम मला मोठा वाटतो. जे पिल्लू आज सुमार दिसतं ते वर्षाने काय निघेल, हे त्याला पाहायचं असे. पैदाशीत निवड करायची तर आधी सगळी पिल्लं डोळ्यासमोर मोठी व्हायला हवीत.

त्या काळी चांगल्या ग्रेहाउंडची एक तक्रार असे: वेग आहे, पण जिद्द नाही. पहिल्या दोन-तीन वळणांत दम निघाला की कुत्रा मन काढून घेतो. ऑर्फर्डने संकर करून पाहिले. लर्चर, म्हणजे ग्रेहाउंड आणि दुसऱ्या कामकरी कुत्र्याचा संकर, तो घातला, आणि शेवटी बुलडॉग. तेव्हाचा बुलडॉग आजच्यासारखा चपट्या तोंडाचा, धापा टाकणारा नव्हता. बैलाशी झुंजवायला वापरायचे तो काटक, धिप्पाड कुत्रा. शेजारच्या जमीनदारांनी नाकं मुरडली. ऑर्फर्डने सात पिढ्या हा प्रयोग चालवला. संकराच्या पिल्लाला परत शुद्ध ग्रेहाउंड, त्याच्या पिल्लाला परत ग्रेहाउंड, आणि दर पिढीत निवड.

हिशेब साधा आहे. दर पिढीत बाहेरचं रक्त निम्मं होतं. सातव्या पिढीला बुलडॉगचा वाटा सरासरी १२८ वा भाग, म्हणजे टक्क्याहूनही कमी. कान लहान, शेपूट उंदरासारखी बारीक, कातडी जवळजवळ बिनकेसांची, आणि मरेल पण पाठलाग सोडणार नाही असा जीव, असं त्या पैदाशीचं वर्णन समकालीन लेखक करतात. चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या बदलांवर लिहिताना हे उदाहरण मुद्दाम घेतलं. रूपात बुलडॉगचा मागमूस उरला नाही, धैर्य आणि चिकाटी उरली, या युआट नावाच्या पशुवैद्याच्या निरीक्षणाचा तो आधार घेतो.

डार्विनने आणखी एक बारकावा टिपलाय. बुलडॉग निवडला गेला त्यामागे एक गैरसमज होता: त्याला वासाची शक्ती कमी असते. ग्रेहाउंडने नजरेने धावायचं, नाक जमिनीला लावायचं नाही, म्हणून वास न घेणारा कुत्रा हवा होता. प्रत्यक्षात बुलडॉगचं नाक तितकं कच्चं नव्हतं. एक गुण मागायला गेलं की दुसरा न मागता घरात शिरतो, हे पैदास करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कळतं.

झारिना याच शंभरांच्या कळपातली, ऑर्फर्डच्याच घरी जन्मलेली.

४७ सामने

या आकड्याबद्दल थोडं थांबायला हवं, कारण तो सगळीकडे जसाच्या तसा छापला जातो. तेव्हाचा ‘सामना’ म्हणजे बहुधा दोन मालकांनी पैजेवर ठरवलेली जोड. समोर कोणता कुत्रा घ्यायचा, कधी धावायचं, मैदान कोणतं, हे मालक ठरवू शकत. पुढे १८३६ मध्ये लिव्हरपूलजवळ वॉटर्लू कप सुरू झाला. त्यात १८५७ पासून ६४ कुत्रे असत, चिठ्ठीत नाव येईल त्याच्याशी धावायचं आणि हरलं की बाहेर. तिथला विजेता आणि झारिना यांची बरोबरी आकड्यावरून करणं चूक आहे.

तरीही मी हा आकडा हलका मानत नाही. ससा पैजेत सामील नसतो. तो कुठे वळेल, कुठल्या कुंपणाखालून जाईल, जमीन कशी लागेल, यातलं काही मालकाच्या हातात नसतं. उत्तम कुत्रा दुर्दैवी वळणामुळे हरतो हे रोजचं आहे. कमकुवत प्रतिस्पर्धी निवडून दहा सामने जिंकता येतील, पण सत्तेचाळीस वेळा नशिबाला एकदाही संधी न देणारी कुत्री वेगळीच असली पाहिजे. आणि इतके सामने धावायचे तर पाय टिकले पाहिजेत. ग्रेहाउंडची नखं उखडतात, मनगटाचे सांधे जातात, पाठीमागचे स्नायू फाटतात. माझ्या मते झारिनाचा खरा गुण इथे आहे. ती अनेक हंगाम न मोडता धावत राहिली. हाच गुण पुढे उतरायला हवा होता, आणि नेमका तोच धोक्यात आला, कारण जी सतत धावते ती आई होत नाही.

मृत्यूची गोष्ट

झारिनाची सर्वांत गाजलेली कथा तिच्या मालकाच्या मृत्यूची आहे. १७९१ चा डिसेंबर. ऑर्फर्डची सोबतीण पॅटी नुकतीच वारलेली. तो पुन्हा भ्रमिष्ट झालेला, घरात देखरेखीखाली. त्या दिवशी झारिनाचा सामना होता. म्हणतात, रखवालदाराची नजर चुकवून त्याने खिडकीतून उडी मारली, तबेल्यातून आपला तट्टू काढला आणि थेट मैदान गाठलं. लोकांनी विनवण्या केल्या, त्याने ऐकलं नाही. झारिना धावली, जिंकली, आणि त्या आनंदाच्या भरात तो तट्टावरून डोक्यावर पडला आणि तिथेच गेला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. अजूनही येतं. पण प्रकरण मांडायचं तर तारखा जुळवून पाहाव्याच लागतात.

ऑर्फर्ड १७९१ च्या डिसेंबरमध्ये वारला, हे पक्कं. एकोणिसावं शतक उजाडतं तोवर इंग्रजी शिकारलेखक स्नोबॉलला गाजलेला, चार कप आणि तीसहून अधिक सामने जिंकलेला कुत्रा म्हणून ओळखतात. चार कप म्हणजे काही हंगाम गेले. म्हणजे स्नोबॉल फार तर १७९८ च्या आसपास जन्मला असेल, बहुधा त्याआधीच. त्याचा बाप क्लॅरेट त्याच्या निदान दोन वर्षं आधीचा, म्हणजे १७९६ किंवा त्यापूर्वीचा. आणि क्लॅरेट हा झारिनाच्या तेराव्या वर्षातल्या वेतातला. उलटं मोजत गेलं तर झारिनाचा जन्म उशिरात उशिरा १७८४ चा येतो. मग १७९१ च्या त्या डिसेंबरात ती सात वर्षांची तरी होती, कदाचित नऊ-दहाचीही. कोर्सिंगचा ग्रेहाउंड साधारण दोन ते चार या वयात भरात असतो. सात-आठ वर्षांची कुत्री पैजेच्या सामन्यात उतरवणं अशक्य नाही, पण ऑर्फर्डसारखा जाणकार आपली न हरलेली लाडकी त्या वयात पणाला लावेल, हे मला पटत नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र पूर्ण खऱ्या असतील असं मला वाटत नाही. एकतर मरणाच्या दिवशी धावलेली कुत्री दुसरी कुणी, किंवा तिचं ‘तेरावं वर्ष’ सांगताना कुणीतरी वाढवलेलं. मी वेताची गोष्ट जास्त विश्वासार्ह मानतो. ती छापली गेली तेव्हा त्या पिल्लांचे मालक हयात होते, पिल्लं आणि नातवंडं लोकांनी पाहिलेली होती. खिडकीतून उडी मारणारा अर्ल ही मात्र अशी गोष्ट आहे, की प्रत्येक सांगणाऱ्याला ती थोडी अधिक सुंदर करावीशी वाटते.

तेरावं वर्ष

ऑर्फर्ड गेल्यावर त्याच्या कुत्र्यांचा लिलाव झाला. झारिना, ज्युपिटर नावाचा नर आणि आणखी काही निवडक कुत्री यॉर्कशायरच्या कर्नल थॉमस थॉर्नटनने ३० ते ५० गिन्यांच्या दराने घेतली. थॉर्नटन हा ससाणे आणि शिकारी कुत्री बाळगणारा, पैसा उधळणारा, फुशारक्या मारणारा म्हणूनही प्रसिद्ध असलेला गृहस्थ. झारिनाला तोवर एकदाही पिल्लं झालेली नव्हती. ती कधी होतील असं लक्षणही दिसलं नव्हतं, असं लिहिलेलं आहे.

पशुवैद्यकाच्या नजरेने हे अर्ध समजतं. कष्टाच्या धावण्यात असलेल्या ग्रेहाउंड कुत्र्या अनेकदा उशिरा माजावर येतात, दोन माजांतलं अंतर लांबतं. कुत्रीला माणसासारखी पाळी जाणं नसतं, त्यामुळे म्हातारपणीही माज येऊ शकतो. सुमारे ६३ दिवसांचं गाभणपण. इथपर्यंत ठीक. पण वय वाढतं तशी पिल्लांची संख्या घटते, मेलेली पिल्लं वाढतात, आणि पहिलं वेत उशिराचं असेल तर कुत्रीच्या जिवालाच धोका. आज ब्रिटनचा केनेल क्लब आठ वर्षं पूर्ण झालेल्या कुत्रीचं वेत सहसा नोंदवत नाही. बारा वर्षांच्या कुत्रीला पहिल्याच वेतात आठ, आणि आठही जिवंत, ही नोंद कुठल्याही काळात अचंब्याचीच. वयात एखाद-दोन वर्षांचा फरक सोडून दिला तरी.

आज कुणी असं करू नये. पण थॉर्नटनने तिला सोडून दिलं असतं, तर ऑर्फर्डचं सात पिढ्यांचं सर्वांत चांगलं फळ कुठेच उतरलं नसतं. पंधरा वर्षांचं काम एका म्हाताऱ्या कुत्रीच्या पोटात अडकलेलं होतं.

त्या पिल्लांमध्ये एक नर क्लॅरेट आणि एक मादी, जिचं नाव ठेवलं यंग झारिना.

नातवंडं

क्लॅरेट मेजर एडवर्ड टॉपमच्या एका आवडत्या कुत्रीला दाखवला गेला. हा टॉपम म्हणजे लंडनमध्ये ‘द वर्ल्ड’ नावाचं वर्तमानपत्र चालवलेला, नंतर शहर सोडून यॉर्कशायरच्या माळावर वोल्ड कॉटेज इथे येऊन राहिलेला पत्रकार. १७९५ च्या १३ डिसेंबरला त्याच्याच शेतात आकाशातून २५ किलोचा दगड पडला. दगड अवकाशातून पडतात यावर तेव्हा विद्वानांचा विश्वास नव्हता. टॉपमने साक्षीदारांचे जबाब नोंदवले, दगड लंडनला दाखवायला नेला, आणि जागेवर १७९९ मध्ये विटांचा स्तंभ उभारला, तो आजही आहे. साक्ष-पुराव्याची इतकी काळजी घेणारा माणूस कुत्र्यांच्या वंशाबद्दल अगदीच सैल बोलला असेल असं मला वाटत नाही. वेताच्या गोष्टीवर माझा भरवसा बसायला हेही एक कारण आहे.

त्या वेतात तीन नावं पुढे आली: स्नोबॉल, मेजर आणि सिल्व्हिया. स्नोबॉल म्हणजे बर्फाचा गोळा, पण कुत्रा होता कुळकुळीत काळा, अंगावर काळं साटीन घातल्यासारखा. यॉर्कशायरमधल्या माल्टनच्या मैदानावर आणि वोल्ड्स टेकड्यांच्या चढउतारांवर तो जिंकत गेला आणि त्याची कीर्ती इतकी पसरली, की त्याच्या रक्ताची पिल्लं हवीत म्हणून लोक दुरून कुत्र्या घेऊन येऊ लागले. एका वेतात इतके चांगले तीन ग्रेहाउंड यापूर्वी झाले नव्हते, असं त्या वेळी लिहिलं गेलं. सिल्व्हियाबद्दल एकच वाक्य असतं: ती कधीच हरली नाही.

आता माझा मुद्दा. वंशावळीच्या पुस्तकी हिशेबात तिन्ही भावंडं सारखी, प्रत्येकात आजीचा चौथा हिस्सा. पण जनुकं पुस्तकी हिशेब पाळत नाहीत. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात. त्यातली एक जोडी लिंग ठरवते: मादीकडे दोन एक्स, नराकडे एक एक्स आणि एक वाय. क्लॅरेट नर. त्याच्याकडचं एकुलतं एक एक्स आईकडूनच आलेलं, म्हणजे ते झारिनाचं. नर आपल्या मुलग्यांना वाय देतो, एक्स देत नाही. त्यामुळे स्नोबॉल आणि मेजर यांना बापाकडून झारिनाचं एक्स मिळालंच नाही. बापाचं एक्स मुलीला जातं, अख्खं. सिल्व्हियाकडे ते आलं. आणि कुत्र्याचं एक्स हे लहानसहान गुणसूत्र नाही, त्याच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रांपैकी एक आहे.

आणखी एक धागा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा. स्नायूंना ताकद पुरवणारी ही यंत्रणा, आणि तिचं स्वतःचं छोटं डीएनए फक्त आईकडून मिळतं. लांब दमाने धावणाऱ्या जनावरासाठी ही यंत्रणा किती महत्त्वाची, हे वेगळं सांगायला नको. क्लॅरेटमध्ये ते झारिनाचं होतं, पण नर असल्यामुळे तो धागा त्याच्यापाशीच संपला. तो पुढे जाऊ शकत होता फक्त वेतातल्या मुलींमार्फत, यंग झारिनामार्फत.

म्हणजे जगाने जिला ‘स्नोबॉलची आजी’ म्हणून लक्षात ठेवलं, तिचा स्नोबॉलमधला वाटा सरासरी हिशेबाने त्याच्या बहिणीपेक्षा कमी होता. झारिना सर्वांत जास्त उरली ती लेकीत आणि नातीत, ज्यांच्याबद्दल एकेक ओळ लिहिली गेली.

नरांची नावं का उरतात हेही उघड आहे. केनेल क्लबच्या आजच्या नियमाने एका कुत्रीची चारच वेतं नोंदवता येतात. सात-आठची सरासरी धरली तरी आयुष्यात तीसेक पिल्लं. नर तेवढी एका हंगामात देतो. झारिनाचं तर एकच वेत. स्नोबॉल नसता, तर तिचं रक्त इतकं लांब गेलंच नसतं, हे मी नाकारत नाही. मुलाच्या आणि नातवाच्या पाठीवर बसूनच ते पसरलं. पण पसरणं एक आणि उगम दुसरा. उगमाला नाव हवं.

पुढे

कोर्सिंगवाल्यांच्या परंपरेत हे यॉर्कशायरचं रक्त १८३९ मध्ये जन्मलेल्या किंग कॉबपर्यंत जोडलं जातं. किंग कॉब हा सार्वजनिकरीत्या पैदाशीला दिलेला पहिला नामांकित नर. त्याच्या पुढच्या पिढ्यांतून १८६८, १८६९ आणि १८७१ असा तीनदा वॉटर्लू कप जिंकणारा आयर्लंडचा मास्टर मॅग्रा आला, असं मानलं जातं. ग्रेहाउंडची छापील वंशनोंद, स्टड बुक, १८८२ मध्ये सुरू झाली. त्याआधीचे धागे मालकांच्या वह्यांवर आणि तोंडी सांगण्यावर आहेत. १९२६ च्या जुलैमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथल्या गोलाकार ट्रॅकवर यांत्रिक सशामागे ब्रिटनमधली पहिली शर्यत झाली, तेव्हा धावणारे कुत्रे याच कोर्सिंगच्या घराण्यांतले होते.

भारताशी धागा आहे तो रामपूरचा. तिथल्या नवाबांनी अफगाणी ताजी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून रामपूर हाउंड उभा केला. आमच्या कारवानीचा आणि मुधोळचा वंश वेगळा. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ज्याला राजाश्रय दिला आणि २००५ मध्ये ज्याच्यावर टपाल तिकीट निघालं तो हा कुत्रा उष्ण, कोरड्या मुलखातला, आपल्या हवेत कसलेला. हल्ली वेगासाठी त्यात ग्रेहाउंड घालणारे लोक दिसतात. त्यांना मी ऑर्फर्डचं उदाहरण देतो. त्याने एकदा बाहेरचं रक्त घातलं आणि मग सात पिढ्या परत मूळ जातीकडे गेला, दर पिल्लू सांभाळून, तपासून. पहिल्या पिढीची संकरित पिल्लं विकून मोकळं होणं म्हणजे तो प्रयोग नव्हे.

स्वॉफहमच्या बाजारचौकात ऑर्फर्डने १७८३ मध्ये बांधून दिलेली घुमटाची छत्री आजही उभी आहे, वर सेरीझ या धान्यदेवतेचा पुतळा. तो गेल्यावर क्लबाच्या सभासदांनी त्याच्या आठवणीसाठी चांदीचा कप ठेवला. टॉपमच्या दगडाला स्तंभ मिळाला. झारिनाचं स्मारक थॉर्नटनने केलं, आपल्याकडे करतात त्याच पद्धतीने. तिच्या लेकीला तिचंच नाव दिलं.

हरणीच्या वेतात चार पिल्लं होती. तीन गेली, एक आम्ही ठेवली. तिला शाळकरी भाचीने ‘रॉकी’सारखं काहीतरी नाव सुचवलं होतं. मागच्या पौषात तिला तीन वर्षं झाली, पहिल्यांदा गाभण आहे. वहीत तिचं नाव मी धाकटी हरणी असं लिहिलंय, आणि पिल्लं झाली की प्रत्येकाबरोबर जो कागद जाईल, त्यावर पहिली ओळ आजीची असेल.